बेटांचे खेळ आणि झेंड्यांचा प्रश्न

हिंदी महासागरातल्या बेटांची क्रीडा स्पर्धा मॉरिशसमध्ये ‘ज्यो देझील’ या फ्रेंच नावाने ओळखली जाते. अर्थ साधा आहे: बेटांचे खेळ. या नावात ‘देश’ हा शब्द नाही, आणि तो नाही हेच बरे. मैदानात उतरणाऱ्या सात संघांपैकी मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस आणि मालदीव ही स्वतंत्र राष्ट्रे आहेत. रियुनियन आणि मायोत मात्र फ्रान्सचे भाग.

गंमत म्हणजे या खेळांचा जन्म झाला तो देश नसलेल्या रियुनियनमध्येच. सत्तरच्या दशकात तिथल्या क्रीडा संघटकांनी कल्पना मांडली, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ती उचलून धरली आणि १९७९ साली पहिली स्पर्धा तिथेच भरली. रियुनियनला स्वतःची ऑलिम्पिक समिती नाही. तिथला खेळाडू मोठा झाला की फ्रान्सचा होतो. हँडबॉलमधला जॅक्सन रिचर्डसन आणि फुटबॉलमधला दिमित्री पायेट हे दोघेही तिथलेच, पण जगाने त्यांना ओळखले ते फ्रान्सच्या जर्सीत. त्यामुळे छातीवर आपल्या बेटाचे नाव लावून खेळण्याचे मोल तिथल्या माणसाला किती असेल, हे सहज कळते.

दुसरी स्पर्धा थेट १९८५ मध्ये मॉरिशसला झाली, मग १९९० मध्ये मादागास्करला आणि १९९३ मध्ये सेशेल्सला. अंतर कधी सहा वर्षांचे, कधी तीन. सेशेल्सची लोकसंख्या आजही लाख-सव्वा लाखाच्या आसपास आहे. एवढ्या देशाने मैदाने, जलतरण तलाव आणि हजारोंच्या मुक्कामाची सोय उभी करायची म्हणजे घरचे मोठे कार्यच. २००३ पासून मात्र चार वर्षांची लय बसली आहे.

मॉरिशससाठी १९८५ चे यजमानपद नुसते खेळापुरते नव्हते. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात फुटबॉल क्लबसुद्धा समाजांनुसार वाटलेले होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स ही नावेच बोलकी आहेत. गोऱ्या फ्रेंच वंशाच्या लोकांचा डोडो क्लब वेगळा. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी कोकणातून गेलेल्यांचे मराठी वंशजही याच समाजात राहतात. क्लबच्या सामन्यात माणूस आपापल्या समाजाच्या बाजूने ओरडे; बेटांच्या खेळांत समोर रियुनियन किंवा सेशेल्स आले की सगळ्यांचा झेंडा एकच, लाल-निळा-पिवळा-हिरवा. माझ्या मते या स्पर्धेने मॉरिशसला दिलेली ही गोष्ट पदकांहून मोठी आहे.

मायोतच्या बाबतीत मात्र झेंड्याने जोडण्याऐवजी तोडले. डिसेंबर १९७४ मध्ये कोमोरो बेटांवर स्वातंत्र्यासाठी सार्वमत झाले. एकूण सुमारे ९५ टक्के मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, पण मायोत या एका बेटावर बहुमत विरोधात गेले. ६ जुलै १९७५ रोजी कोमोरोसने स्वातंत्र्य जाहीर केले. मायोत फ्रान्सकडेच राहिले आणि २०११ मध्ये रीतसर फ्रेंच प्रांत झाले. कोमोरोसच्या लेखी ते आजही आपलेच चौथे बेट आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही त्यांची बाजू वारंवार उचलून धरली.

तरीही मायोतचे खेळाडू स्पर्धेत आले. त्यांनी संचलनात फ्रान्सचा नव्हे, तर स्पर्धेचा झेंडा घ्यावा, अशी तडजोड होती. २०१५ साली रियुनियनमध्ये उद्घाटनाच्या वेळी मायोतचा संघ फ्रेंच तिरंग्यामागे चालला आणि कोमोरोसने स्पर्धेतूनच माघार घेतली. वर्षानुवर्षे घाम गाळलेली मुले न खेळता घरी परतली. दावा कोणाचा खरा हा प्रश्न वेगळा. त्या धावपटूंचे नुकसान कशानेच भरून येणारे नव्हते.

पुढची स्पर्धा २०१९ मध्ये मॉरिशसला आणि त्यापुढची २०२३ मध्ये मादागास्करला झाली. २०२७ चे यजमानपद सोपवले गेले आहे कोमोरोसकडे. मायोतचा संघ तिथे कोणत्या झेंड्यामागे चालणार, याकडे आता सगळ्या बेटांचे लक्ष आहे.