पोपटाचं पिसं उपटणं

पाळलेला पोपट चोचीने स्वतःचीच पिसं ओढतो, कुरतडतो, अर्ध्यात तोडतो आणि प्रकरण वाढलं तर कातडीला जखमा करून घेतो, तो विकार. जंगलातल्या पोपटांत हे जवळपास दिसतच नाही, पिंजऱ्यातल्यांत दिसतं. आफ्रिकन ग्रे (राखाडी पोपट) आणि काकाटू (तुरेवाला पोपट) यांच्यात सगळ्यात जास्त, बजरीगर या छोट्या पोपटात कमी.

ओळखायची मुख्य खूण म्हणजे छाती, पोट, पाय, पंखाखालचा भाग उघडा पडतो पण डोकं भरलेलं राहतं, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर जोडीदार उपटतोय किंवा सर्कोव्हायरससारख्या विषाणूचा आजार आहे असा संशय घ्यावा. वर्षातून पिसं झडतात ते वेगळं, त्यात सहसा टक्कल पडत नाही आणि नवीन कोंब लगेच दिसतात.

कारणाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. जुन्या मांडणीत हा सरळ मानसिक विकार, माणसं स्वतःचे केस उपटतात त्याच्या जवळचा. पशुवैद्यक मंडळी आधी शरीराकडे बघतात: बोर्नाव्हायरस हा विषाणू, यकृताचे आजार, जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, त्वचेचा संसर्ग, गॅल्व्हनाइज्ड जाळी चावून पोटात गेलेलं जस्त. तिसरा मुद्दा आनुवंशिकतेचा. ऑरेंज-विंग्ड अ‍ॅमेझॉन पोपटांवरचा २००६ चा एक अभ्यास सांगतो की हा कल बऱ्याच अंशी वंशातून येतो, माद्यांमध्ये जास्त असतो आणि पिंजऱ्याची जागा खोलीच्या दाराच्या मानाने कुठे आहे यानेही फरक पडतो. याच जातीच्या पिल्लांवर २००३ मध्ये झालेलं काम मात्र जास्त उपयोगाचं वाटतं, कारण त्यात अन्न शोधून, सोलून, फोडून खायची सोय आणि पिंजऱ्यात चढायला-चावायला विविधता दिल्यावर उपटणं टळलं आणि सुरू झालेलं कमीही झालं. २००८ मध्ये ग्रे पोपटांवरही असाच परिणाम दिसला. जंगलात पोपटाचे दिवसातले कित्येक तास खाणं शोधण्यात जातात आणि घरी वाटी पाच मिनिटांत संपते, मग रिकामी चोच पिसांकडे वळते, हे स्पष्टीकरण सगळ्या केसेसना लागू नसलं तरी बऱ्याच केसेसना पटतं.

खान्देशात उन्हाळ्याची भर पडते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी होते, कातडी खाजते, आणि पत्र्याच्या घरात टांगलेला पिंजरा तर तापतोच. एकट्या कोरडेपणाने पोपट सहसा उपटायला लागत नाही पण सुरू असलेलं वाढू शकतं, म्हणून सकाळी साध्या पाण्याचा फवारा किंवा आंघोळीला पसरट भांडं द्यावं, कूलरचा थेट झोत मात्र पिंजऱ्यावर नको. खाण्यात नुसतं सूर्यफूल, शेंगदाणे आणि कोणी प्रेमाने दिलेली शेव असेल तर जीवनसत्त्व अ कमी पडतं, त्याऐवजी पपई, गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला द्यावा. चोचीला काम इथे फुकट मिळतं: ज्वारी-बाजरीचं अख्खं कणीस, सालासकट मका, केळीच्या सुकलेल्या पानात गुंडाळलेले दाणे, कडुनिंबाची डहाळी. फक्त फवारणी झालेल्या मळ्यातलं किंवा कपाशीच्या बांधावरचं काही आणू नये.

पिसांना खोबरेल किंवा हळदीचा लेप लावतात ते चुकीचं आहे, पिसं चिकटतात आणि पोपट ते चाटत बसतो. ओरडणंही नको, त्याला तेवढंच लक्ष मिळतं आणि तो पुन्हा उपटतो. चोच पिसांपर्यंत पोचू नये म्हणून घालतात ती गळ्यातली कॉलर जखम भरेपर्यंतच चालते, ती कारण काढत नाही. क्लोमिप्रामीनसारखी (माणसांच्या नैराश्यावरची) औषधं काकाटूंवर तपासली गेली आहेत पण ती पक्ष्यांच्या डॉक्टरनेच ठरवावीत, आणि त्याआधी रक्त व विष्ठेची तपासणी करून घ्यावी. खूप दिवस उपटत राहिलं तर पिसाचं मूळ मरतं आणि मग कारण गेलं तरी तिथे पिसं उगवत नाहीत, म्हणून थांबून बघू असं करू नये.

आपला हिरवा देशी पोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे घरात ठेवताच येत नाही. घरी असलेला असा पोपट पिसं उपटत असेल तर घाबरून शेतात सोडून देऊ नये, पंखांची पिसं गेलेला पक्षी उडू शकत नाही आणि मांजरी-कुत्र्यांच्या तोंडी जातो. त्याला वनविभागाकडे द्यावं आणि उपटणं कधीपासून सुरू आहे, काय खातो, हे सांगावं म्हणजे उपचाराला मदत होते.