नाशिकची ट्राम, बार्शीची रेल्वे आणि चाकाचा उतार

२०२१-२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हापासून या विषयाची चर्चा निघाली की कुणीतरी हमखास म्हणते, नाशिककरांना रुळांवरची शहरी गाडी आता पहिल्यांदाच मिळणार. या एका वाक्यात दोन चुका आहेत. जाहीर झालेली ‘मेट्रो निओ’ रबरी टायरांवर धावणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी गाडी आहे; तिला रूळच नाहीत. आणि शहरात रूळ पडले होते ते १८८९ मध्ये. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत घोडे जुंपलेली ट्राम जात असे. मुंबईहून आलेली रेल्वे गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर थांबत होती आणि मधला पट्टा बहुतेक रानाचा होता, म्हणून ही सोय झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यामुळे ती बंद पडली.

या ट्रामच्या दोन रुळांमधले अंतर, म्हणजे गेज, अडीच फूट अथवा ७६२ मिलिमीटर होते. तिचा सल्लागार अभियंता होता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. १८८२ मध्ये तो जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला होता आणि पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावाजला. असे अरुंद गेज, म्हणजे नॅरोगेज, ही पैसे नसलेल्यांची तडजोड, रूळ जवळ आणले की रुळांखालच्या आडव्या स्लीपरचे लाकूड आणि जमीन वाचते, असे सर्रास मानले जाते. तेवढी बचत होतेच, पण ती किरकोळ आहे. खरी बचत वळणात आहे आणि ती समजून घ्यायची तर चाकाकडे नीट पाहावे लागते.

रेल्वेच्या डब्याची समोरासमोरची दोन चाके आणि त्यांना जोडणारा आस हे तिन्ही एकजीव असतात. मोटारीला वळताना बाहेरचे चाक जास्त फिरवण्यासाठी डिफरन्शियल असते, तसे येथे काही नसते. दोन्ही चाकांचे फेरे सारखेच होतात. आता काटकोनात वळणारा मार्ग घ्या. बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा किती लांब भरेल? त्रिज्या कितीही असो, उत्तर एकच येते: गेज गुणिले पाय (π) भागिले दोन. १,६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवर हा फरक २.६३ मीटर होतो आणि ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजवर १.२० मीटर. एवढे जादा अंतर बाहेरच्या चाकाने तेवढ्याच फेऱ्यांत कापायचे आहे.

चाकाच्या आतल्या बाजूची उभी कड गाडीला वळवते, असे शाळेपासून आपल्या डोक्यात बसलेले असते. कड ही शेवटची राखण आहे. वळवण्याचे काम चाकाचा रुळावर टेकणारा भाग करतो, कारण तो सपाट नसून तिरपा असतो: कडेजवळ व्यास मोठा, बाहेरच्या बाजूला लहान, आणि उतार साधारण वीसास एक. चहाचा कागदी पेला टेबलावर आडवा घरंगळवला तर तो सरळ न जाता तोंडाची बाजू बाहेर ठेवून गोल फिरतो. भूमिती तीच आहे. गाडी वळणात शिरली की चाकांची जोडी आपोआप किंचित बाहेर सरकते. त्यामुळे बाहेरचे चाक आपल्या मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालू लागते. एक किलोमीटर त्रिज्येच्या ब्रॉडगेज वळणावर ९१५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाला सुमारे ८ मिलिमीटर सरकावे लागते. तेवढ्याने बाहेरच्या चाकाचा परीघ आतल्यापेक्षा एका फेऱ्यामागे ५ मिलिमीटरने मोठा होतो आणि हिशेब जुळतो.

हे सरकणे चाकाच्या त्रिज्येच्या आणि गेजच्या समप्रमाणात, तर उताराच्या आणि वळणाच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असते. नॅरोगेजवर ६०० मिलिमीटर व्यासाचे चाक धरले, तर तेच ८ मिलिमीटर सरकणे ३०० मीटर त्रिज्येच्या वळणाला पुरते. ब्रॉडगेजला जेथे किलोमीटरभर त्रिज्या हवी, तेथे नॅरोगेज तिच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी त्रिज्येत, कड रुळाला न घासता वळते. डोंगर फोडण्याऐवजी, भराव घालण्याऐवजी टेकडीला वळसा घालून पुढे जाता येते, ते यामुळे. वळण याहून फार आवळले की तिरपेपणा अपुरा पडतो, कड घासू लागते आणि तो करकरणारा आवाज येतो. एखाद्या वळणावर गाडी पुन्हा पुन्हा घसरू लागली की ‘ती जागाच वाईट आहे’ असे म्हणत तेथे नारळ फोडणारे लोक भेटतात. अशा जागी आधी पट्टी घेऊन रुळाची झीज, फाकलेले गेज आणि बाहेरच्या रुळाची उंची मोजावी. दोष बहुधा तेथेच सापडतो.

कॅल्थ्रॉपने यात दुसरा विचार जोडला. रुळाला गाडीच्या एकूण वजनाशी देणेघेणे नसते, एका आसाखाली किती भार येतो याच्याशी असते. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेल्या त्याच्या रेल्वेवर इंजिन, डबा, वाघीण (मालडबा), सगळ्यांना आसामागे ५ टनांची एकच मर्यादा होती. त्यामुळे एक यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे, हलके रूळ चालले आणि इंजिनाचे वजन मात्र अनेक आसांवर वाटून ते दमदार ठेवता आले. पुढे हा मार्ग लातूर, पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी आणि एरवी बाजारहाटाला जाणाऱ्यांनी भरलेली ही गाडी १९५४ मध्ये सरकारी रेल्वेत आली.

मग ती पुढे ब्रॉडगेज का झाली? एक कारण कुर्डुवाडीला ब्रॉडगेजशी गाठ पडे तेथे माल एका वाघिणीतून दुसरीत हलवण्याचा खर्च. दुसरे कारण त्याच तिरप्या चाकात आहे. सरळ मार्गावर जोडी जराशी बाजूला झाली की उतार तिला परत आणतो, ती मध्य ओलांडून पलीकडे जाते, पुन्हा परतते, आणि चाके नागमोडी चालू लागतात. या नागमोडीची लांबी काढण्याचे सूत्र क्लिंगेल या अभियंत्याने १८८३ मध्ये मांडले. वरच्याच मापांनी ती ब्रॉडगेजवर सुमारे १७.४ मीटर आणि नॅरोगेजवर १० मीटरच्याही थोडी आत येते. सारख्या वेगात नॅरोगेजची जोडी जवळजवळ दुप्पट वेळा डोलते, आणि डोलण्याचा विस्तार तेवढाच असला तर बाजूचे धक्के तिपटीहून जास्त बसतात. वळणाची सवलत आणि वेगाची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्याच भूमितीतून येतात, एक घेऊन दुसरी टाळता येत नाही. म्हणून पठारावरच्या बार्शीच्या मार्गाला रुंद होणे परवडले. १९०७ पासून चालणाऱ्या नेरळ-माथेरानच्या ६१० मिलिमीटरच्या मार्गाला मात्र, जेथे चढ वीसास एक आहे आणि वळणे डोंगराच्या कुशीत आवळलेली आहेत, अरुंद गेजला पर्याय नाही.