1914 वाल्यांची रजा, थोडी पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात 1914 साली भरती झालेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांना 1918 मध्ये लढाई चालू असताना रजेवर घरी पाठवायचं की नाही, यावर एवढा वाद का झाला हे कळायला एक गोष्ट पक्की धरा, ही सगळी पोरं स्वतःहून आलेली होती. सक्तीच्या भरतीवर तिकडे 1916 आणि 1917 असं दोनदा मतदान झालं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. भरती मात्र युद्ध संपेपर्यंत अधिक चार महिने, आणि घर बोटीने दीड-दोन महिन्यांवर.

तशी रजा मिळायची, पण ती विलायतेची. ब्रिटिश शिपाई दहा-चौदा दिवसांत आईच्या हातचं जेवून परत यायचा, हे लोक खंदकातला चिखल बुटांवर तसाच घेऊन लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनात उतरायचे, तिथून हॉर्सफेरी रोडवरच्या ऑस्ट्रेलियन सैन्याच्या ऑफिसात जाऊन साठलेला पगार घ्यायचे, आणि रेल्वे वॉरंट, म्हणजे प्रवासाचा सरकारी कागद, हातात पडलं की फुकटात कुठेही, मग स्कॉटलंड का असेना. (आपले फौजी अजूनही वॉरंटवर प्रवास करतात, तोच प्रकार.) या विलायतेला ते ब्लायटी म्हणायचे, आणि हा शब्द आपल्या ‘विलायती’वरूनच, हिंदुस्थानात राहिलेल्या गोऱ्या पलटणींनी नेलेला.

घरी जायची रजा म्हणजे फर्लो. आपल्याकडे फर्लो म्हटलं की जेलमधला कैदीच आठवतो, इथे तो अर्थ नाही. चार वर्षं घर न बघितलेल्यांना बोटीने ऑस्ट्रेलियाला नेऊन दोन महिने घरी राहू द्यायचं, असा हा विषय.

1918 मध्ये ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज स्वतः लंडनला आले आणि 1914 साली भरती झालेल्यांना घरी पाठवायचंच म्हणून अडून बसले. बोटींची सोय झाली आणि सप्टेंबरमध्ये हुकूम आला तो हिंडेनबर्ग लाइनच्या, म्हणजे फ्रान्समधल्या जर्मन तटबंदीच्या, बाहेरच्या फळीवर 18 तारखेला हल्ला व्हायच्या अगदी तोंडावर. सेनापतींना हे अजिबात रुचलं नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं, कारण बटालियन आधीच अर्ध्यामुर्ध्या झालेल्या, त्यात सगळ्यात मुरलेली माणसं काढून घेतली तर लढायचं कोणी. त्याच महिन्यात माणसं कमी म्हणून काही बटालियन मोडायचा हुकूम निघाला आणि शिपायांनी तो मानला नाही.

तरी माझं मत विचाराल तर निर्णय बरोबरच होता, उशिरा झाला एवढंच. 1915 च्या तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईपासून जिवंत राहिलेल्या माणसाला अजून एक हल्ला करून मग जा म्हणणं कुठल्या हिशोबात बसतं? स्वतःहून आलेल्या माणसाला परत जायची बोट देणं हे सरकारचं देणंच होतं.

11 नोव्हेंबरला युद्ध थांबलं, त्यामुळे रजेवर गेलेल्यांना फ्रान्सला परत यावंच लागलं नाही. मागे जवळपास 1,80,000 लोक राहिले होते, त्यांच्यासाठी जो आधी आला तो आधी घरी असा नियम लावला गेला आणि 1919 भर बोटी जात राहिल्या, काहींमध्ये तिकडे लग्न करून मिळालेल्या बायका आणि तान्ही पोरंही होती.