एबीएसला रस्ता दिसत नाही, फक्त चाक दिसतं

समोर कुणी आडवं आलंय का, खाली डांबर आहे की वाळू, गाडी सरळ चाललीय की वळणावर झुकलीय, यातलं काहीही मोटारसायकलच्या साध्या एबीएसला, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, ठाऊक नसतं. त्याला एकच गोष्ट कळते: पुढचं आणि मागचं चाक या क्षणी किती वेगाने फिरतंय. एवढ्या माहितीवर ब्रेक कधी सोडायचा आणि कधी परत धरायचा, हे ते ठरवतं. त्याचे सगळे फायदे यातूनच येतात आणि जवळजवळ सगळे दोषही.

ब्रेक लावला की चाकाचा वेग गाडीच्या वेगाच्या थोडा मागे पडतो. हा फरक साधारण १० ते २० टक्के असताना डांबरावर टायरची पकड सगळ्यात जास्त असते. फरक त्याहून वाढला की पकड उतरू लागते, आणि चाक पूर्ण जाम झालं की टायर नुसता खरडत जातो. चारचाकी अशा वेळी निदान चार पायांवर घसरते. दुचाकीचं तसं नाही. ती उभी राहते कारण पुढचं चाक सतत थोडं थोडं वळून आपला आधार गाडीच्या तोलाखाली आणत असतं. जाम झालेल्या चाकाला बाजूची पकड जवळपास उरत नाही, त्यामुळे हा तोल सांभाळणंच बंद पडतं. पुढचं चाक जाम झालं की सावरायला सहसा एक सेकंदही मिळत नाही. मागचं चाक जाम झालं तर गाडीची शेपूट डोलते, पण थोडा वेळ हातात राहतो. मात्र गाडी आडवी होत असताना मागचा ब्रेक एकदम सोडला, तर चाकाला अचानक पकड मिळते आणि चालक उलट बाजूला फेकला जातो.

या भीतीने बहुतेक जण पुढचा ब्रेक हातचं राखून दाबतात. नेमकं तेच महागात पडतं, कारण थांबवायची खरी ताकद पुढच्याच चाकात असते. एक सरासरी गाडी घेऊ: दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर, चालकासह गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आणि उभी असताना भार दोन्ही चाकांवर निम्मा-निम्मा. ०.८ जी मंदनाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ८० टक्के जोराने, वेग कमी होत असेल तर एकूण भारातला ३७ टक्के हिस्सा मागून पुढे सरकतो. पुढच्या चाकावर ८७ टक्के आणि मागच्यावर जेमतेम १३ टक्के उरतो. फक्त मागच्या ब्रेकवर भरवसा ठेवणारा माणूस सर्वात हलक्या झालेल्या चाकाकडून काम मागत असतो.

आता या गाडीवर दोन चालक बसवा. दोघांचा वेग ताशी ६० किलोमीटर, आणि ब्रेक दोघांनी एकाच जागी लावला. पहिल्याने ०.८ जी गाठलं, तो १७.७ मीटरवर थांबला. दुसऱ्याने जपून दाबला आणि ०.६ जीवर राहिला. पहिला जिथे उभा आहे तिथून दुसरा जाताना त्याचा वेग अजून ताशी ३० किलोमीटर असतो. एबीएसचं मोठं काम इथे आहे: हात आखडता न घेता पूर्ण दाबण्याची मुभा. कोरड्या रस्त्यावर, मनाची तयारी असताना, कसलेला चालक एबीएसशिवायही तेवढ्याच अंतरात गाडी थांबवून दाखवतो, कधी थोडी आधीही. पण रस्त्यावर खरा ब्रेक लागतो तो तयारी नसताना, आणि बऱ्याचदा ओल्या पट्ट्यावर किंवा सांडलेल्या तेलावर.

आत नेमकं काय घडतं

चाकाच्या बाजूला डिस्कजवळ खाचांची एक पातळ रिंग असते. तिच्यासमोर मिलिमीटरभराच्या आसपास फटीवर सेन्सर बसवलेला असतो. खाच समोरून गेली की एक स्पंद. रिंगला ४८ खाचा आणि चाकाचा घेर २ मीटर धरला, तर ताशी ६० ला सेकंदाला ४०० स्पंद मिळतात. ते मोजून नियंत्रक चाकाचा वेग काढतो. गाडीचा खरा वेग त्याला थेट कळत नाही, तो दोन्ही चाकांवरून अंदाज बांधतो. या अंदाजामागे साधं भौतिकशास्त्र आहे. १ जीने थांबणाऱ्या गाडीचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात ताशी साडेतीन किलोमीटर उतरतो. तेवढ्याच वेळात एखाद्या चाकाचा वेग ताशी १५ ने पडला, तर गाडी इतक्या झटक्यात मंदावणं शक्यच नाही. म्हणजे चाक जाम व्हायला निघालंय.

मग मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) आणि कॅलिपर (त्या दाबाने डिस्क आवळणारा चिमटा) यांच्या मध्ये बसवलेलं हायड्रॉलिक युनिट कामाला लागतं. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात. एरवी आत येणारी झडप उघडी आणि बाहेर जाणारी बंद असते. धोका दिसला की पहिली बंद होते, आणि लिव्हर कितीही आवळला तरी कॅलिपरमधला दाब वाढत नाही. चाक तरीही मंदावत असेल तर दुसरी उघडते आणि थोडं ब्रेक ऑइल एका छोट्या साठवण कप्प्यात निघून जातं. दाब उतरतो, चाक पुन्हा वेग धरतं. मग झडपा पूर्वीच्या जागी येतात, दाब परत चढतो. दरम्यान पंप कप्प्यातलं ऑइल मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. बोटांना लिव्हरमध्ये जी धडधड जाणवते ती याची. हे चक्र सेकंदाला दहाएक वेळा चालू शकतं. वीज गेली, फ्यूज उडाला तरी झडपा एरवीच्या जागीच राहतात, म्हणून ब्रेक शाबूत राहतो. फक्त तो एबीएसशिवायचा ब्रेक असतो.

ही कल्पना जुनी आहे. विमानांसाठी बनवलेली डनलॉपची मॅक्सारेट ही यांत्रिक व्यवस्था १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिओरवर बसवून तपासली. घसरण्याचा धोका कमी झाला, तरी ती विक्रीच्या गाडीत कधी आली नाही. इलेक्ट्रॉनिक एबीएस बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेवर १९८८ मध्ये आलं, तेव्हा त्याचं वजन ११ किलोच्या आसपास होतं. आजचं युनिट किलोभरही नसतं, त्यामुळे वजनाची जुनी तक्रार आता उरलेली नाही.

आकडे काय म्हणतात? अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने एबीएससह आणि एबीएसविना मिळणाऱ्या त्याच मॉडेलांची तुलना केली. २०२१ च्या विश्लेषणात एबीएसवाल्या गाड्यांच्या प्राणघातक अपघातांचं प्रमाण २२ टक्के कमी निघालं. जास्त पैसे मोजून एबीएस घेणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असू शकतो, हे ध्यानात ठेवलं तरी हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

चाकापलीकडचं न कळल्याचे तोटे

वाळू, सुटी खडी, मऊ चिखल, ताजा बर्फ इथे हिशेब उलटतो. जाम झालेलं चाक खाली रुततं आणि समोर मातीचा ढीग रेटत नेतं. गाडी त्या ढिगामुळेही थांबते. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे ढीग तयारच होत नाही आणि थांबायचं अंतर वाढतं. खडीच्या उतारावर तर लिव्हर आवळून धरला तरी गाडी ओघळतच जाते असं वाटतं. म्हणून कच्च्या रस्त्यांसाठीच्या गाड्यांत मागचं एबीएस बंद करायची सोय असते. पुढचं मात्र अशा ठिकाणीही चालू ठेवलेलं बरं. पुढचं चाक खडीत जाम झालं, तर अंतर वाचण्याआधी आपण जमिनीवर असतो.

दुसरी अडचण खडबडीत डांबराची. ब्रेक लावलेला असताना चाक उंचवट्यावरून क्षणभर हवेत उडालं, तर त्याला अडवणारा रस्ताच नसतो आणि ते झटकन थांबतं. एबीएसला वाटतं खाली निसरडं आहे, ते दाब सोडतं. चाक परत टेकतं तेव्हा ब्रेक ढिला असतो. ०.२ सेकंदाचा असा खंड पडला तर ताशी ६० ला ३.३ मीटर फुकट जातात. सस्पेन्शन थकलेलं असेल, टायरात हवा जास्त असेल, तर हे वारंवार घडतं. दोष एबीएसच्या माथी मारला जातो, पण चाक जमिनीवर धरून ठेवणं हे शॉकअबसॉर्बरचं काम.

तिसरी मर्यादा वळणाची. टायरची पकड ही एकच पुंजी असते, वळायलाही तीच आणि थांबायलाही तीच. पकडीचा गुणांक ०.९ धरू, म्हणजे टायर एकूण ०.९ जी देऊ शकतो. वळणं आणि थांबणं या काटकोनातल्या दिशा असल्याने त्यांची साधी बेरीज होत नाही, वर्गांची होते. ३० अंश झुकलेल्या गाडीत ०.५८ जी वळण्यात जातात, ब्रेकसाठी ०.६९ उरतात. ४० अंशांवर वळणच ०.८४ खातं आणि ब्रेकसाठी ०.३३ जेमतेम राहतात. साधं एबीएस सरळ गाडीच्या हिशेबाने चालतं. चाक जाम होऊ लागल्यावर ते दाब सोडेलही, पण तोवर बाजूची पकड संपलेली असू शकते. शिवाय झुकलेल्या गाडीत पुढचा ब्रेक लावला की ती उभी व्हायला बघते, आणि दाब सुटत-चढत राहिला तर हँडल हातात झटके देतं. यावर उपाय म्हणून २०१३-१४ च्या सुमारास झुकाव मोजणारं कॉर्नरिंग एबीएस आलं. त्यात गाडीचा कोन सेन्सर सांगतो आणि त्यानुसार सुरुवातीचा दाबच बेताने चढू दिला जातो. पुंजी मात्र तेवढीच राहते. पकड नवीन निर्माण करणारं यंत्र अजून झालेलं नाही.

सिंगल चॅनल एबीएस म्हणजे फक्त पुढच्या चाकाचं. त्यात मागचं चाक आरामात जाम होतं, आणि अनेकांना हे पहिल्यांदा घसरल्यावर कळतं. कॉम्बी ब्रेक ही तर वेगळीच गोष्ट आहे. ती एका लिव्हरने दोन्ही चाकांना ब्रेक लावते, चाक जाम होणं रोखत नाही.

दिवा का लागतो

चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी ताशी पाच-दहा किलोमीटरने पुढे सरकली की विझतो. चाकं फिरल्याशिवाय सेन्सरची तपासणी पूर्ण होत नाही, म्हणून उभ्या गाडीत तो चालू राहणं बरोबरच आहे. डबल स्टँडवर गाडी गिअरमध्ये चालवली तर दिवा बहुधा पेटेल: मागचं चाक पळतंय आणि पुढचं शून्य, हे गणित नियंत्रकाला बसत नाही. चावी बंद करून थोडं अंतर चालवलं की तो सहसा जातो.

रस्त्यावर दिवा लागून राहिला तर आधी स्वस्त कारणं बघावीत. रिंगच्या खाचांत चिखल किंवा सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का? पंक्चर काढताना रिंग वाकली का? चाक परत बसवताना सेन्सरची वायर चिमटली का? बॅटरीचं व्होल्टेज पडलंय का? वेगळ्या मापाचा टायर टाकला असेल तर घेर बदलतो आणि दोन चाकांच्या वेगांचा ताळमेळ बिघडतो. दिवा असताना ब्रेक लागतो, पण आपण एबीएस नसलेली गाडी चालवतोय हे हाताला सांगून ठेवावं लागतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतलं बाष्प शोषतं. डॉट ४ या प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तोच किमान १५५ वर येऊ शकतो. पाण्यामुळे युनिटमधल्या बारीक झडपांना गंज चढतो आणि त्या अडकतात, आणि युनिट बदलणं हे ऑइलच्या बाटलीपेक्षा कितीतरी महाग पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं, गाडी कमी चालली असली तरी. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल वेगळं आहे, ते डॉट ४ च्या गाडीत टाकू नये. नाव जवळचं असलं तरी डॉट ५.१ हे त्याच्या नव्हे, डॉट ४ च्या कुळातलं. ऑइल बदलताना टाकी रिकामी होऊन युनिटमध्ये हवा शिरली, तर नेहमीच्या पद्धतीने ती निघत नाही. झडपा आणि पंप फिरवणारं निदान यंत्र लावावं लागतं. तोवर लिव्हर स्पंजासारखा मऊ राहतो.

दाबायचा कसा

लिव्हरवर झडप घालू नये. ब्रेक लागल्यावर भार पुढे सरकायला क्षणभर जातो. त्याआधीच पूर्ण जोर आला, तर हलक्या चाकावर एबीएस लवकर जागं होतं आणि ऐन गरजेच्या वेळी दाब सोडतं. आधी पुढचा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) दबेपर्यंत आवळायचं, मग जोर वाढवत न्यायचा. मागचा ब्रेक सोबत, क्लच आत, गुडघ्यांनी टाकी धरलेली, हात ताठ नाहीत, नजर दूर. धडधड सुरू झाली की लिव्हर सोडायचा नाही. नवखे हमखास इथेच सोडतात, त्यांना काहीतरी मोडलं असं वाटतं.

म्हणून ती धडधड आधीच ओळखीची करून घ्यावी. सरळ, स्वच्छ, मोकळ्या जागेत, पूर्ण पोशाखात, ताशी ३० ला आधी फक्त मागचा ब्रेक जोरात दाबून एबीएस जागं करा. मग पुढचा, दर फेरीला थोडा जास्त जोर देत. आखूड आणि उंच गाडीत मागचं चाक उचलू लागलं तर तिथेच थांबा. वरच्या उदाहरणातली गाडी साधारण १.०८ जीला मागून उचलते. काही गाड्यांतलं एबीएस हेही रोखतं, पण आपल्या गाडीत ती सोय आहे की नाही हे मॅन्युअलमध्ये बघून घ्यावं. शेवटचे ताशी पाच-सहा किलोमीटर एबीएस काम करत नाही. तिथे चाक जाम होऊ शकतं, म्हणून गाडी थांबता थांबता लिव्हर किंचित सैल करायचा.