तीव्र औषध-ॲलर्जीची वैद्यकीय नोंद व कोडिंग

औषध, लस, रक्तघटक किंवा स्कॅनसाठी दिलेले कॉन्ट्रास्ट द्रव्य यांमुळे रुग्णाला गंभीर ॲलर्जिक रिॲक्शन आली, तर ती केसपेपरवर लिहिणे आणि त्या मजकुराला आयसीडी या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणातील कोड देणे, अशी ही दोन टप्प्यांची प्रक्रिया आहे. पहिला टप्पा डॉक्टर आणि परिचारिकेचा, दुसरा मेडिकल कोडरचा. कोडर रुग्णाला पाहत नाही. कागदावर जे लिहिले आहे तेवढाच त्याचा आधार असतो आणि निदान स्वतःच्या तर्काने काढण्याची त्याला मुभा नसते. म्हणून कोडिंगमधील बहुतेक चुकांचे मूळ वॉर्डात लिहिलेल्या अपुऱ्या ओळीत सापडते.

अशा रिॲक्शनचे सर्वांत धोकादायक रूप म्हणजे ॲनाफिलॅक्सिस. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये त्याचे वर्णन केले. रिशे यांना त्यासाठी १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सागरी प्राण्याचे विष आधी एकदा टोचलेले कुत्रे काही आठवड्यांनी अगदी थोड्या मात्रेनेही दगावले, असे त्यांना दिसले. दोष मात्रेचा नव्हता, शरीर आधीच संवेदनशील झाले होते. वर्गीकरणातही हाच भेद महत्त्वाचा आहे. योग्य औषध योग्य मात्रेत आणि योग्य मार्गाने देऊनही त्रास झाला, तर तो ‘प्रतिकूल परिणाम’. चुकीचे औषध किंवा जास्त मात्रा गेली, तर ‘विषबाधा’. दोन्हींचे कोड वेगळे आहेत. औषध कसे दिले हे लिहिलेलेच नसेल, तर कोडरला यातला एक पर्याय खात्रीने निवडता येत नाही.

आयसीडी-१० मध्ये योग्य रीतीने दिलेल्या औषधामुळे झालेल्या ॲनाफिलॅक्टिक शॉकसाठी, म्हणजे रक्तदाब धोकादायक पातळीला उतरलेल्या ॲनाफिलॅक्सिससाठी, टी८८.६ हा कोड आहे. सीरममुळे (रक्तद्रवापासून बनवलेल्या औषधामुळे) झालेल्या शॉकसाठी टी८०.५. नुसता टी८८.६ मात्र अर्धीच माहिती देतो. कारणीभूत औषधाचा गट सांगायला दुसरा कोड जोडावा लागतो : पेनिसिलिन गटातील प्रतिजैविक असेल तर वाय४०.०, सेफॅलोस्पोरिन गटातील असेल तर वाय४०.१. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सुधारित आवृत्तीत हे काम टी३६ ते टी५० या कोडमालिकेकडे असून सातव्या अक्षरावरून उपचाराचा टप्पा कळतो.

समजा, केसपेपरवर एवढेच आहे : ‘इंजेक्शननंतर रिॲक्शन, उपचार दिले, रुग्ण स्थिर.’ यावरून फार तर औषधाचा अनिर्दिष्ट प्रतिकूल परिणाम, म्हणजे टी८८.७, एवढेच नोंदवता येते. आता दुसरी नोंद पाहा : ‘१०.०५ वाजता सेफ्ट्रियाक्सोन (सेफॅलोस्पोरिन) १ ग्रॅम शिरेतून सुरू. १०.०९ ला अंगभर गांधी, ओठांना सूज, छातीत घरघर, रक्तदाब ७०/४०. औषध बंद. १०.११ ला ॲड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या स्नायूत. निदान : सेफ्ट्रियाक्सोनमुळे ॲनाफिलॅक्टिक शॉक.’ इथे औषध, मात्रा, मार्ग, वेळ, लक्षणे आणि कार्यकारणसंबंध सगळे आले. शेवटचे वाक्य वगळले असते, तर बाकी सारे असूनही कोडर अडला असता. घाईच्या प्रसंगी ते राहून जाणे समजण्यासारखे आहे. पण रुग्ण सावरल्यावर ते त्याच दिवशी लिहायलाच हवे.

ॲलर्जिक रिॲक्शनच्या वेळी शरीरातील मास्ट पेशींतून बाहेर पडणाऱ्या ट्रिप्टेज या विकराची रक्तातील पातळीही निदानाला बळ देते. नमुना लक्षणे सुरू झाल्यापासून एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांत घ्यावा, आणि तुलनेसाठी दुसरा नमुना किमान २४ तासांनी. नमुना घेतल्याची अचूक वेळ लिहिलेली नसेल, तर त्या आकड्याचा अर्थ लावणे कठीण होते.

आयसीडी-१० ची मोठी उणीव मृत्यूच्या आकडेवारीत जाणवते. टी कोड मृत्यूचे मूळ कारण म्हणून धरले जात नाहीत; तिथे बाह्य कारणाचा, म्हणजे वर आलेल्या वाय४०.० सारखा, कोड जातो, आणि ॲनाफिलॅक्सिसने झालेला मृत्यू आकड्यांत सहज झाकला जातो. शिवाय रक्तदाब न उतरताही ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो, पण या आवृत्तीच्या शीर्षकांत ‘शॉक’ हाच शब्द आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ॲनाफिलॅक्सिसला प्रतिकारसंस्थेच्या विकारांत ४ए८४ हे स्वतःचे स्थान मिळाले. औषधजन्य प्रकार ४ए८४.१. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

घडलेल्या रिॲक्शनचा कोड आणि रुग्णाचा ॲलर्जीचा पूर्वेतिहास या वेगळ्या नोंदी आहेत. पेनिसिलिनच्या ॲलर्जीचा पूर्वेतिहास झेड८८.० ने दाखवतात. पुढच्या वेळी जीव वाचवणारी नोंद हीच, म्हणून ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ एवढ्यावर न थांबता काय झाले, किती वेळात झाले आणि कोणता उपचार लागला हेही तिथे असावे. मळमळ किंवा जुलाब ॲलर्जी म्हणून लिहिले गेले, तर रुग्ण आयुष्यभर चांगल्या औषधाला मुकतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्यांची रीतसर तपासणी केली, तर दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक जणांना ते औषध सोसते असे आढळते. तपासणीत ॲलर्जी नाही असे ठरल्यावर ती नोंद तारीख आणि तपासणीच्या प्रकारासह सर्व ठिकाणांहून रद्द करावी लागते; नाहीतर जुन्या डिस्चार्ज कार्डावरून ती पुन्हा नव्या केसपेपरवर चढते.