माव्याच्या पोटातला पिढीजात जिवाणू

2002 साली लोकरी मावा ही रस शोषणारी कीड सांगलीकडच्या उसात दिसली आणि बघता बघता कोल्हापूर जिल्ह्यातही पसरली. पानांमागे पांढरे थर, खालच्या पानांवर चिकट गोड स्राव, त्यावर काळी बुरशी. करवीर-शिरोळच्या शेतकऱ्याला हे नव्याने सांगायला नको. पुढे डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांची माव्याला आवरायला मोठी मदत झाली. पण उसाच्या नुसत्या अन्नरसावर मावा इतका फोफावतो कसा? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

अन्नरसात साखर मुबलक, प्रथिने बनवायला लागणारी आवश्यक अमिनो आम्ले मात्र फार कमी. ती कमतरता कुणीतरी भरून काढायला हवी.

1858 मध्ये थॉमस हक्सले यांनी माव्याच्या शरीरातला एक पेशीपुंज नोंदवला आणि त्याला 'खोटा बलक' म्हटले. पुढे 1880 च्या दशकात फ्रीडरिख ब्लोखमान यांना झुरळांत आणि मुंग्यांत जिवाणूंसारखे कण दिसले. पण तो काळ पाश्चर आणि कॉख यांचा होता. जिवाणू म्हणजे रोग, हीच समजूत. निरोगी किड्यात ते वस्तीला असतील, हे पटणे अवघड होते. अखेर 1910 मध्ये इटलीचे उम्बेर्तो पिएरांतोनी आणि चेक संशोधक कारेल शुल्त्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तो पुंज म्हणजे सहजीवी सूक्ष्मजीवांचे घर असल्याचे ओळखले. या दोघांची नावे आज फारशी कुणी घेत नाही, ती घ्यायला हवीत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पाउल बुखनर यांनी मग आयुष्यभर असंख्य कीटक तपासून हा विषयच उभा केला. माव्यातल्या जिवाणूला 1991 मध्ये त्यांच्यावरून 'बुखनेरा' हे नाव मिळाले.

हा जिवाणू बाहेरून लागत नाही. माव्याची मादी बहुतेक वेळा नराशिवाय थेट पिल्ले देते, आणि पिल्लू पोटात असतानाच आईचे जिवाणू त्याच्यात शिरतात. प्रयोगशाळेत प्रतिजैविकाने ते मारले की माव्याची वाढ खुंटते, पिल्ले जवळजवळ थांबतात. (पण म्हणून कुणी शेतात प्रतिजैविक फवारू नये, जमिनीतले उपयोगी जिवाणूही त्यात मरतील.)

2000 साली जपानी संशोधकांनी बुखनेराचा जनुकसंच वाचला. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायचा सुमारे 46 लाख डीएनए-अक्षरांचा, याचा जेमतेम साडेसहा लाखांचा. स्वतंत्र जगण्याची बहुतेक जनुके गळून गेली होती. माव्याला लागणारी अमिनो आम्ले बनवणारी मात्र बरीचशी शाबूत होती.