पडद्यावरची जॅग्वार आणि ब्रिटनचं ‘पासिंग’

गडद लाल रंग, वर काळं छप्पर, नंबर २४८ आरपीए. ‘इन्स्पेक्टर मोर्स’ ही ब्रिटिश गुप्तहेर मालिका १९८७ ते २००० या काळात ज्यांनी पाहिली, त्यांना ऑक्सफर्ड म्हटलं की कॉलेजांच्या आधी ही जॅग्वार मार्क २ आठवते. मूळ कादंबऱ्यांत मोर्सकडे लॅन्सिया ही इटालियन गाडी होती. पण मोर्सची भूमिका करणाऱ्या जॉन थॉ यांच्या हातात जॅग्वार इतकी शोभली, की कादंबऱ्यांच्या पुढच्या आवृत्त्यांत तीच आली.

ही गाडी १९६० सालची. योगायोग असा, की ब्रिटनमध्ये जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली तीही १९६० मध्येच. आपण आरटीओचं ‘पासिंग’ म्हणतो, तसं तिथे ‘एमओटी’. सुरुवातीला दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे फक्त ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग बघायचे. १९६७ पर्यंत वयाची अट तीन वर्षांवर आली.

पण या गाड्यांचा खरा शत्रू इंजिनात नसतो, तो पायाखाली असतो. मार्क २ ला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत शिरतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग आरशासारखा, पण तपासणीस खालून अवजाराने दाबतो तेव्हा गंजाचे पापुद्रे हातात येतात. तिथे नुसती लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पत्रा कापून नवा वेल्ड करायलाच हवा. सुदैवाने तिथे सुटे भाग मिळतात. एमजीबी या स्पोर्ट्स कारची तर अख्खी बॉडी १९८८ पासून मूळ साच्यांवर पुन्हा बनू लागली. माझ्या मते जुन्या गाड्या जगवण्यात कुठल्याही सिनेमापेक्षा या साच्यांचा वाटा मोठा आहे.

सिनेमाने प्रेम दिलं, हेही खरं. ‘द इटालियन जॉब’मध्ये (१९६९) तीन मिनी कूपर तुरिनच्या जिन्यांवरून उतरल्या आणि अलेक इसिगोनिस यांनी रचलेली ती दहा फुटी गाडी जगभर पोचली. १९५६ च्या सुएझ कालव्याच्या पेचात पेट्रोलची टंचाई झाली, त्यानंतर पेट्रोल वाचवायला काढलेली कुटुंबाची गाडी होती ती!

पेट्रोलही बदलत गेलं. ब्रिटनमध्ये २००० च्या सुरुवातीला शिसंमिश्रित पेट्रोल बंद झालं. मिनी, मॉरिस मायनरसारख्या गाड्यांच्या इंजिनाचा वरचा भाग (हेड) बिडाचा असतो; त्या शिशामुळे त्यातल्या व्हॉल्व्हच्या बैठका, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा, झिजत नसत. आता तिथे कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. २०२१ मध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल आलं. जुने रबरी पाइप त्याने खराब होतात, म्हणून जाणकार मालक ते बदलून घेतात किंवा महागडं, कमी इथेनॉलचं पेट्रोल भरतात.

नियम मात्र सैल झाले. २०१२ मध्ये १९६० पूर्वीच्या गाड्यांना एमओटी माफ झाली. मे २०१८ पासून, फारसे बदल न केलेल्या, चाळीस वर्षं उलटलेल्या सगळ्याच गाड्यांना ती सवलत मिळाली. पण रस्त्यावर आणलेली गाडी सुस्थितीत हवी, ही जबाबदारी मालकावर कायम आहे. धोकादायक गाडी चालवली तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होतो. स्वेच्छेने तपासणी करून घेता येते, आणि प्रत्येक मालकाने ती दरवर्षी करून घ्यावीच, असं मला मनापासून वाटतं. वर्षभर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे ब्रेक जाम झालेत, हे रस्त्यावर कळण्यापेक्षा तपासणीच्या रॅम्पवर कळलेलं बरं.